लाल तेल आणि ‘काही नाही’

दिवाळीचे तळण संपले की कढईत उरलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न तुम्हांआम्हांला दर वर्षी पडतो. एकदा तळलेले तेल आपण गाळून ठेवतो आणि फोडणीला वापरून संपवतो. पुन्हापुन्हा तापवले की ते काळपट होते, चिकट होते, आणि मग नाकच सांगते, ‘बाई गं, आता पुरे!’ ते कळायला कुठले पुस्तक वाचावे लागत नाही.

पण हेच नाक मी एकदा मोटारीच्या तेलाला लावले, आणि त्यामुळे आमच्या घरावरचे एक मोठे संकट टळले, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. आमचे हेसुद्धा आधी हसलेच होते.

मला गाडीतलं फार कळतं, असा मात्र गैरसमज करून घेऊ नका. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. सकाळी घरचं आवरायचं, दुपारी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभं राहायचं, हा माझा दिनक्रम. गाडी म्हणजे यांचा प्रांत. बाजारात पिशव्या ठेवायला डिकी उघडण्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध नव्हता. तो आला तो यांच्या पायामुळे.

२०२० साली दुचाकीवरून येताना यांना अपघात झाला आणि डाव्या पायाचा घोटा मोडला. पट्टी आणि स्क्रू घालून हाड जुळले, पण घोटा काही पूर्वीसारखा वाकेना. सपाटीवर चालतात चांगले. क्लच दाबणे मात्र जमेना. आम्ही राहतो कऱ्हाडला आणि यांची नोकरी पाटणला. जाऊनयेऊन रोजचे सत्तर किलोमीटर. वर्षभर एसटीने गेले. कधी बसायला मिळे, कधी नाही. संध्याकाळी जिना चढून येताना कठड्याला धरत एकेक पायरी यायचे. ‘दुखतंय का?’ म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले, ‘काही नाही.’

शेवटी २०२२ साली माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या, थोडे यांच्या फंडातून काढले आणि जुनी का होईना, एक आटोमॅटिक गाडी घेतली. २०१३ सालची. हिला क्लच नसतो. पेडले दोनच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाची. डावा पाय नुसता स्वस्थ ठेवून द्यायचा. गाडी दारात आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि हळूच मला म्हणाल्या, “माझ्या लेकाला पाय मिळाला गं!” मला ते वाक्य फार लागलं. गाडी ही आमची चैन नव्हती. यांचा तो दुसरा पायच होता.

आता कुंभार्ली घाटाची गोष्ट. गेल्या मे महिन्यात आम्ही चिपळूणला वन्संकडे गेलो होतो. परत येताना गाडीत आम्ही दोघे, सासूबाई, दोन मुले आणि आंब्याच्या दोन पेट्या. घाटाच्या मध्यावर आले तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम चढला, पण गाडी काही त्या मानाने पुढे जाईना. जात्याचा खुंटा हाताशी फिरावा आणि पाळू जागचे हलू नये, तसे झाले. यांनी पाय सैल केला, मग गाडीने कुठे पुन्हा धरले. असे दोनतीनदा झाले. घाटमाथ्यावर थांबलो नि दार उघडलं, तर सासूबाई म्हणाल्या, “कुणाचं तरी तळण करपलंय वाटतं!”

मी यांच्याकडे पाहिलं. “काही नाही,” हे म्हणाले, “घाट आहे, गाडीत वजन आहे.”

हे ‘काही नाही’ माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. सकाळी गाडी सुरू करून दांडा ‘डी’वर टाकला की पूर्वी ती लगेच ओढ घ्यायची. आता क्षण दोन क्षण विचार करायची आणि मग हिसका देऊन निघायची. मी तसं बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, “जुनी आहे, चालायचंच.” मी फारच मागे लागले तेव्हा एका गॅरेजात दाखवून आले. तिथे सांगितलं, “गिअरबॉक्स सीलबंद आहे. तिचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही.” झालं! यांना तेवढंच हवं होतं.

पण मला मात्र तो ‘आयुष्यभर’ शब्द खुपत राहिला. कुणाच्या आयुष्यभर? गाडीच्या, का आमच्या? आणि तेलच संपलं की गाडीचं आयुष्यही संपणार असेल, तर ते वाक्य खोटं तरी कसं म्हणायचं!

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढली. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी फाडली नव्हती. इंग्रजीतली ती बारीक अक्षरं शब्दकोश शेजारी घेऊन वाचली. वर लिहिलं होतं, साध्या वापरात या तेलाकडे पाहण्याची गरज नाही. आणि खाली दुसऱ्या तक्त्यात होतं, वापर खडतर असेल तर दर साठ हजार किलोमीटरला तेल बदलावे. खडतर म्हणजे काय? तर घाटरस्ते, कडक उन्हाळा, गर्दीतले थांबतथांबत जाणे, गाडीवर नेहमीचे ओझे. म्हणजे हे तर आमचंच वर्णन! आणि गाडीचा आकडा तेव्हा चौऱ्याऐंशी हजारांवर होता.

मग हे तेल करते तरी काय, याचा मी शोध घेतला. मला समजले ते तुम्हांला आपल्या भाषेत सांगते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये नेमके असेच दोन पंखे असतात. फक्त वाऱ्याऐवजी मध्ये तेल असते. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो आणि त्या लोंढ्याने समोरचा पंखा फिरतो. म्हणूनच ब्रेक दाबून धरला की गाडी ‘डी’मध्ये असूनही इंजिन बंद न पडता उभी राहते. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

तेलाचे काम एवढ्यावर संपत नाही. गिअर बदलताना आतल्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबाव्या लागतात. तो दाब तेलाचाच. चाकांना वंगण तेलाचेच. घासून निर्माण होणारी उष्णता वाहून नेणारेही तेलच. एकटीने चार कामे करायची, सगळ्यांची झीज आपल्या पोटात घ्यायची आणि वर ‘हिला काही लागत नाही’ असे म्हणवून घ्यायचे! मला तर वाचतावाचता हसूच आले. अशी व्यक्ती प्रत्येक घरात एक तरी असते.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक सांगते. पूर्णपणे आपोआप गिअर बदलणारी, कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर निघालेली पहिली गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. तिचे नावच मुळी ‘हायड्रा-मॅटिक’, म्हणजे द्रवाच्या जोरावर चालणारी. नावातच तेलाचा मान होता. आपण मात्र त्या तेलालाच विसरलो.

आता दुसऱ्या गॅरेजात मी स्वतः गेले. तिथले मिस्त्री वयस्कर, बोलायला तुटक, पण माणूस सरळ. त्यांनी गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवूनच तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि पांढऱ्या चिंधीवर पुसली. हे तेल नवे असते तेव्हा कोकमाच्या आगळासारखे लाल असते. आमच्या चिंधीवरचा डाग काकवीसारखा तपकिरी होता. मी चिंधी नाकाजवळ नेली. घाटातला तोच वास! चौथ्यांदा तापवलेल्या तळणीच्या तेलाचा.

“वहिनी, बदलायला हवं,” मिस्त्री म्हणाले, “पण आधीच सांगतो. जुनं तेल काढून नवं घातलं आणि गाडीनं गिअर धरायचंच सोडलं, असंही मी पाहिलंय. मागनं बोल मला लावू नका.”

“म्हणजे नवं तेल बाधतं का हो?” मी विचारलं.

“तेल नाही बाधत. आतल्या चकत्या आधीच झिजलेल्या असतात. त्यांचाच चुरा जुन्या तेलात असतो आणि त्या गाळावर कसंबसं धरत असतं. नवं तेल आलं की उघडं पडतं. गिअरबॉक्स खोलायची वेळ आली तर पाऊण लाखाच्या खाली काही होणार नाही.”

मी घरी आले ती तो आकडा डोक्यात घेऊनच. रात्री मुलं झोपल्यावर यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. हे चिडले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला घाटातच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पाऊण लाख आणायचे कुठून? तुझ्या पाटल्या अजून सोडवल्या नाहीत. आणि गाडी उभी राहिली, तर मी परत एसटीच्या दांड्याला धरून उभा राहणार. ते मला आता नाही गं जमायचं.”

पाच वर्षांत यांनी ‘जमत नाही’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. इतके दिवस मला वाटे, ‘काही नाही’ म्हणजे बेफिकिरी. मुद्दाम दुर्लक्ष. त्या रात्री कळलं, ते भय असतं. दुखणं माहीत असतं. त्याचा खर्च कळून घ्यायचा धीर नसतो. आणि खरं सांगू? मीही कुठे वेगळी आहे? डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ताची चिठ्ठी चार महिने माझ्या पर्समध्येच होती.

आम्ही दोघांनी ठरवलं, बदलायचंच. न बदलता गाडी जाणारच आहे; बदललं तर निदान राहण्याची आशा तरी आहे.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मीही गॅरेजात जाऊन बसले. तिथे पाहिले ते सांगते. तुमच्या उपयोगी पडेल. यंत्र लावून जोराने सगळी सफाई करायची की नुसते तेल काढून भरायचे, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, “एवढ्या जुन्या तेलाला जोर करायचा नाही. साधंच करू, पण दोनदा.” त्याचे कारणही सांगितले. खालचा नट सोडला की सगळे तेल येत नाही, जेमतेम निम्मे येते. उरलेले त्या दोन पंख्यांच्या डब्यात अडकून राहते. म्हणून एकदा बदलायचे, काही दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा बदलायचे. दह्याचे भांडे एकदा विसळून भागत नाही, तसेच.

नट सोडला. काळपट तेल परातीत पडू लागले. मग खालचे चेंबर उतरवले. त्यात लहानसे लोहचुंबक बसवलेले असते, झिजलेल्या लोखंडाची भुकटी धरून ठेवायला. मिस्त्रींनी ते बोटाने पुसले. आम्ही दोघेही श्वास रोखून बघत होतो. धातूचे चकचकीत तुकडे निघाले असते तर खेळ संपलाच होता. बोटाला आला तो काजळासारखा मऊ, करडा लगदा. “ही रोजची झीज आहे,” ते म्हणाले, “तुकडे नाहीत.” यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा हे इतके हसले नव्हते!

मग नवा फिल्टर, नवे पॅकिंग, नटाला नवा वायसर. तेल मात्र मी पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच आणवले होते. दुकानदार म्हणाला होता, “कुठलंही लाल चालतं.” चालत नाही हो! रंग नुसता ओळखीसाठी असतो. निघालेले तेल आम्ही रिकाम्या बाटल्यांत भरून मोजले आणि तेवढेच नवे घातले. कमी झाले तर गिअर घसरतो, जास्त झाले तर तेलाला फेस येतो. भरल्यावर इंजिन सुरू केले, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवला, पुन्हा ‘पी’वर आणला आणि सपाट जागेवर, इंजिन चालू असतानाच पट्टी पाहिली. काढलेले तेल गटारात ओतू दिले नाही. ते पाणी नासवते. कायद्यानेही तो घातक कचरा आहे. मिस्त्री ते पिंपात साठवून परवानगी असलेल्या तेल शुद्ध करणाऱ्यांकडे देतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बदलले. दोन्ही वेळचे तेल, फिल्टर आणि मजुरी धरून सात हजारांच्या आत भागले. माझे शाळेचे थकलेले मानधन नेमके तेव्हाच हाती आले होते. ते त्यात गेले.

गाडी अगदी नवी झाली, असं मी म्हणणार नाही. थंडीच्या सकाळी ‘डी’वर टाकल्यावर ती अजून क्षणभर थबकते. मिस्त्री म्हणतात, साठ हजारांवरच बदललं असतं तर एवढंही राहिलं नसतं. पण हिसका गेला. आणि या मे महिन्यात पुन्हा त्याच कुंभार्ली घाटातून आलो, तेव्हा गाडी एकदाही घसरली नाही. सासूबाईंनी घाटमाथ्यावर मुद्दाम काच खाली करून वास घेतला!

तुमच्या घरी आटोमॅटिक गाडी असेल, तर एवढं करा. आधी ती कुठल्या जातीची आहे ते पुस्तिकेत बघा. सगळ्या आटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी नावाचा प्रकार आला. त्यात गिअरबॉक्स साधीच असते. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे यंत्र करते. तिला गिअरचे तेल लागते. सीव्हीटीत पट्टा असतो. तिचे तेल निराळे. आमच्यासारख्या गाडीचे निराळे. एकीचे दुसरीला घातले तर नुकसानच. काही गाड्यांना तेलाची पट्टीच नसते. तिथे पातळी बघायला ठरावीक तापमानाला एक बूच उघडावे लागते, ते काम जाणत्याकडूनच करून घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका. पट्टी नसलेल्या गाडीचे तेल काढायच्या आधी, भरायचे बूच उघडते आहे ना, हे पाहायला सांगा. नाहीतर तेल बाहेर आणि बूच गंजून घट्ट, अशी पंचाईत व्हायची.

गाडी जुनी घेत असाल तर हे तेल कधी बदलले, त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेच नाही, असे धरून चाला.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो, गॅसच्या सिलिंडरची तारीख असते. आता तिथे गाडीचा आकडाही असतो. पुढचे तेल केव्हा, ते यांनी आपल्या हाताने लिहिले आहे. त्याखाली मी एक ओळ लिहिली, ‘घोटा दाखवणे’. ती वाचून हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्याखाली यांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, ‘हिचे रक्त तपासणे’.

दोन्ही कामं त्याच महिन्यात झाली. यांना घोट्याचे व्यायाम सांगितले आहेत, मला लोहाच्या गोळ्या. काल संध्याकाळी हे जिना चढून आले. मी सवयीने विचारलं, “दुखतंय का?”

“आज थोडं दुखतंय,” हे म्हणाले.

मी शेकायला पाणी गरम करत ठेवलं. खरंच सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं.